पासवर्ड बरोबर आहे ओ, उताऱ्यावरचं नाव चुकलंय!

पासवर्ड टाकला, एंटर मारलं, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि परत तीच लॉगिनची पाटी. पुन्हा टाका, पुन्हा तेच. 'पासवर्ड चुकला' एवढं सांगायचीही तसदी नाही! काउंटरसमोर पहाणी (जमिनीचा उतारा) काढायला आलेली चार माणसं ताटकळलीत आणि शेजारचा शहाणा म्हणतो, "फॉरमॅट मारा की ओ."

कशाला? कडी अडकली म्हणून घर पाडता का? बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात जा, जुन्या पीसीवर मिंट (विंडोजऐवजी चालणारं फुकटचं लिनक्स) घातलेलं असतं, छान चालतं, आणि एका फाइलपायी ते पुसून टाकतात. सोबत कन्नड-मराठीचे फॉन्ट, अर्जांचे नमुने, सगळं स्वाहा. वर 'लिनक्स म्हणजे कटकट' हे ऐकायचं ते वेगळंच.

आधी कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबा. काळ्या पडद्यावर नाव-पासवर्ड टाका. आत शिरलात? मग पासवर्ड ठणठणीत आहे, विषय संपला. आता 'एलएस -एलए' मारा, फाइलींची यादी येईल, तिच्यात 'डॉट एक्सऑथॉरिटी' (.Xauthority) या फाइलीची ओळ बघा. तिसऱ्या रकान्यात मालकाचं नाव असतं. तिथे तुमच्याऐवजी 'रूट', म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, दिसला की चोर सापडला. घर तुमचं, उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं! ही फाइल 600 परवानगीची, म्हणजे मालकाशिवाय कुणी वाचायची नाही, लिहायची नाही. डेस्कटॉप उघडताना तुमच्या नावाने तिच्यात नवी चिठ्ठी लिहावी लागते. ती लिहिता येत नाही, म्हणून सेशन मरतं आणि तुम्ही परत दाराबाहेर.

उपाय एका ओळीचा: 'सुडो चाउन' (सुडो म्हणजे रूटच्या अधिकाराने, चाउन म्हणजे मालक बदल), मग तुमचं यूजरनेम, त्याला चिकटून कोलन, मग जागा सोडून फाइलचं नाव. एक्स तेवढा कॅपिटल, बाकी अक्षरं लहान, हे विसरून 'फाइलच नाही' म्हणून बोंबलू नका. 'डॉट आइसऑथॉरिटी' आणि 'डॉट कॅश'ही बघून घ्या. आणि हो, त्याच यादीत नुसत्या एका टिंबाची ओळ असते, ती म्हणजे तुमचं होम फोल्डर. तेच रूटचं असेल तर फाइल दुरुस्त करूनही उपयोग शून्य, कारण तिची तात्पुरती लॉक फाइल त्याच फोल्डरात बनते. त्याचीही मालकी बदला. मग कंट्रोल-ऑल्ट-एफ7, आणि लॉगिन.

आता खरे गुन्हेगार. पहिला, 'सुडो स्टार्टएक्स' मारणारा, म्हणजे रूट होऊन डेस्कटॉप सुरू करणारा. एक्सऑथ, म्हणजे ही फाइल सांभाळणारा प्रोग्राम, जुन्या फाइलच्या जागी नवी फाइल ठेवतो, आणि ती बनवणारा रूट असला की मालकही रूटच. मिंट 19 सारख्या जुन्या आवृत्त्यांत सुडो तुमचंच होम धरून ठेवतो, त्यामुळे सुडो लावून नुसता टेक्स्ट एडिटर उघडला तरी तुमच्या घरात रूटच्या फाइली पडतात. मिंट ज्यावर बेतलंय त्या उबंटूने हे आपल्या 19.10 आवृत्तीपासून बदललं. जुन्यावर 'सुडो -एच' (एच कॅपिटल) लिहायला हात दुखतात का? दुसरा गुन्हेगार बॅकअप 'सुडो सीपी -आर'ने (सीपी म्हणजे कॉपी) परत ओततो आणि अख्खं होम रूटच्या नावावर करून मोकळा होतो. मालकी जशीच्या तशी ठेवणारं 'सीपी -ए' आहे की ओ त्यासाठी!

तिसरा सगळ्यात डेंजर: "777 मारा, सगळं चालतं." अहो, ती सगळ्यांना सगळी परवानगी, त्याने मालक बदलतच नाही. उलट घर सताड उघडं पडतं, आणि एसएसएच (दुसऱ्या मशीनवर लांबून शिरायचा प्रोग्राम) तुमची चावी घ्यायला नकार देतो. चौथा 'चाउन -आर' लिहिताना स्लॅशनंतर चुकून स्पेस सोडतो, मग मशीनभर मालकी बदलते, सुडोचा सेटयूआयडी बिट, म्हणजे रूट म्हणून चालायची खूण, उडतो आणि सुडोच चालेनासा होतो. तिथे मात्र लाइव्ह यूएसबी (जिच्यावरून मशीन सुरू होतं ती पेनड्राइव्ह) शोधत बसा.

मालकी सगळी बरोबर असूनही दार उघडेना? 'डीएफ -एच' मारून डिस्क किती भरलीय ते बघा. डिस्क 100 टक्के भरली तरी हुबेहूब हेच नाटक होतं. आणि दुकानात ती भरते गिऱ्हाइकांच्या स्कॅन केलेल्या आधार कार्डांनी, जी काम झाल्यावर एकही बाबा पुसत नाही.