छत्र्या बाहेर ठेवा

बेळगावात जुलै महिन्यात छत्रीशिवाय फिरणारा माणूस एकतर परगावचा असतो, नाहीतर त्याची छत्री आदल्याच दिवशी कुणीतरी नेलेली असते. अशा गावात, ऐन जुलैत, कोल्हापूरच्या एका पेठेतला संघ आमच्या पोरांशी फुटबॉलचा मैत्रीपूर्ण सामना खेळायला येणार असं ठरलं. तिकिटामागे बारीक अक्षरांत सूचना छापल्या होत्या. पाण्याची बाटली, हेल्मेट, जेवणाचा डबा, तंबाखूजन्य पदार्थ आणि छत्री मैदानात नेण्यास सक्त मनाई. निपाणी ज्या जिल्ह्यात येते त्या जिल्ह्यात तंबाखूची मनाई कुणी मनावर घेत नाही. हेल्मेट तर लोक एरवीही कोपरात अडकवून फिरतात. पण छत्री?

मी खरं म्हणजे त्या रविवारी घरात बसून भजी खाणार होतो. पण माझे दाजी कोल्हापूरचे, तेही शिवाजी पेठेतले. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तिथल्या फुटबॉल संघांची गाठ पडली की दाजी सकाळपासून कुणाशी बोलत नाहीत, आणि सामना मनासारखा झाला नाही तर रात्री जेवतही नाहीत. त्यांचा फोन आला, "पावणं, तीन तिकिटं काढून ठेवा. मी, तुम्ही आणि पोरगं." पोरगं म्हणजे माझा भाचा. तो इथेच इंजिनिअरिंगला असतो आणि आमच्याकडे राहून आमच्याच घरातल्या उणिवा मोजतो.

तर तिकीट. पैसे देऊन तिकीट काढणं ही आमच्याकडे जरा कमीपणाची गोष्ट आहे. संयोजकांत कुणी ना कुणी आपल्या गल्लीचा, आपल्या तालमीचा, निदान आपल्या गणपती मंडळाच्या माजी खजिनदाराचा साडू असतोच. "तिकीट काढालासा? पैसे देऊन?" शेजारच्या काकांनी हे अशा आवाजात विचारलं की आमच्या सौभाग्यवतींनी आतून दार लावून घेतलं. तरी मी खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "तिकिटं कवाच संपली वो. पास हाईत, देऊ काय?"

"पास कितीला?"

"तिकिटाच्याच भावात. तुम्ही घरचे म्हणून."

मोफत पास घरच्या भावात घेऊन मी परतलो. त्यावर क्यूआर कोड होता, 'अहस्तांतरणीय' असं छापलं होतं आणि पेनाने खोडलेलं दुसऱ्याच कुणाचंतरी नाव होतं.

यावेळी बंदोबस्त कडक असणार हे सगळे जाणून होते, आणि त्याचं कारण हसण्यासारखं नाही. ४ जून २०२५ रोजी बेंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ माणसं चेंगरून गेली. आत जागा साधारण ३५ हजारांची आणि गेटाबाहेर लाखांची गर्दी. आत कुणाला सोडणार, कशावर सोडणार, हे कुणाला धड ठाऊक नव्हतं. तेव्हापासून कुठल्याही कार्यक्रमाची परवानगी मागायला गेलं की बंदोबस्ताचा आराखडा आणा म्हणतात. आमच्या संयोजकांनीही आणला. तीन रंगांत होता. गेट क्रमांक १ मान्यवर, गेट क्रमांक २ प्रेक्षक, गेट क्रमांक ३ खेळाडू, आणि मागच्या बाजूला लाल रंगात 'आपत्कालीन मार्ग'.

आमच्या पासावर गेट क्रमांक २ होतं. दाजी एसटीने उतरले आणि रिक्षावाल्याला "दुसऱ्या गेटाला सोड" म्हणाले. बेळगावात दुसरं गेट म्हणजे टिळकवाडीतलं दुसरं रेल्वे गेट, हे शेंबडं पोरही सांगेल. त्याने इमानदारीत तिथे नेलं. दाजींचा फोन आला, "पावणं, गेट बंद हाय की. गाडी गेल्याशिवाय उघडणार न्हाई म्हणालेत." मला वाटलं कुठल्यातरी नेत्याची गाडी येणार असेल. मी म्हटलं, "थांबा मग, पर्याय नाही." दाजी थांबले. गाडी गेली, मिरजेकडची असावी. गेट उघडलं, दाजी पास दाखवत आत शिरले आणि थेट पलीकडच्या रस्त्यावर निघाले. त्यानंतर त्यांनी फोनवर जे सुनावलं ते इथे देण्यासारखं नाही.

ते मैदानाशी पोचले तेव्हा आम्ही रांगेत होतो. मैदानाला पुढून गेट एकच होतं. १, २ आणि ३ हे त्याच गेटात सुतळी बांधून केलेले भाग होते. त्यातही एका फाटकाला साखळीकुलूप. भाच्याने खिशातून टेप काढला (तो टेप घेऊन का फिरतो, हे त्याच्या आईलाच विचारावं लागेल) आणि उघडं फाटक मोजलं. दीड मीटर.

"मामा, इंग्लंडात स्टेडियमच्या सुरक्षेची जी मार्गदर्शिका आहे ना, त्यात सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं धरतात. म्हणजे इथून १२३. आठ मिनिटांत सगळे बाहेर पडले पाहिजेत असा नियम आहे. ९८४ झाली."

"मग?"

"आत तीन-चार हजार तरी जातील."

मागचे गृहस्थ म्हणाले, "बाळ, आधी आत तर जाऊ दे की."

गेटावर क्यूआर कोड तपासायला एक मुलगा मोबाइल घेऊन उभा होता. गर्दीने नेटवर्क खाल्लं होतं. त्याने माझा कोड मोबाइलसमोर उलटासुलटा धरला, मग स्वतःच्या डोळ्यांसमोर धरला, नीट वाचल्यासारखा केला आणि म्हणाला, "बरोबर हाय. जावा." शेजारी दुसरा एक जण मनगटावर जांभळा शिक्का मारत होता. पावसात तो शिक्का पाच मिनिटं टिकला. तेवढ्यात आतल्या पोरांनी ओलं मनगट कुंपणाच्या जाळीतून बाहेर काढून बाहेरच्यांच्या मनगटावर दाबायला सुरुवात केली होती. एका शिक्क्यात चौघे तरी बसत असावेत.

आणि छत्र्या. बंदोबस्तावरचा हवालदार एकेकाला सांगत होता, "छत्री बिडरी, मुंदे होगरी." बहुतेकांना छत्रीच्या विरहाचं दुःख कन्नडातूनही कळत होतं. गेटाच्या आतल्या अंगाला, अगदी वाटेवर, छत्र्यांचा ढीग वाढत चालला होता. टोकन नाही, चिठ्ठी नाही. सगळ्या काळ्या. मी माझी छत्री त्यावर ठेवली तेव्हा मुलगी सासरी पाठवताना होतं तसं काहीतरी झालं. पुढे एक यळ्ळूरचा शेतकरी होता. त्याने प्लास्टिकची खोळ पांघरली होती. हवालदाराने यादी वरून खाली वाचली. यादीत खोळ नव्हती. साऱ्या मैदानात शेवटपर्यंत कोरडा राहिलेला प्रेक्षक तो एकटाच.

सामना सुरू व्हायला उशीर झाला, कारण माणसं रेषेच्या आत आली होती. भाचा म्हणाला, १९२३ साली लंडनच्या वेम्बली मैदानावर पहिल्याच एफए कप फायनलला असंच झालं होतं. बिनतिकिटाचे लोक भिंती चढून आत घुसले, अख्खं मैदान भरलं आणि बिली नावाच्या पांढऱ्या घोड्यावर बसून एका पोलिसाने इतर पोलिसांच्या मदतीने लोकांना रेषेबाहेर ढकललं. सामना पाऊण तास उशिरा सुरू झाला, आणि पुढच्या वर्षापासून आधी तिकीट काढल्याशिवाय फायनलला प्रवेश नाही असा नियम आला. दाजी म्हणाले, "हितं कुठला घोडा?" घोडा आला नाही, म्हैस आली. कुणाची होती कोण जाणे. शांतपणे रवंथ करत ती कॉर्नरच्या झेंड्यापाशी आली, आणि लाउडस्पीकरवरून अर्धा तास विनवण्या करून जे जमलं नव्हतं ते तिने शेपटीच्या दोन फटक्यांत केलं. लोक रेषेबाहेर गेले. पंचांनी शिट्टी वाजवली.

"म्हैस आली कुठून?" भाच्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. गेटातून येणं शक्य नव्हतं, तिच्याकडे पास नव्हता. पण तेवढ्यात कोल्हापूरने गोल केला, दाजींनी ओळखदेख नसलेल्या माणसाला मिठी मारली, आणि ते राहून गेलं. पुढे आमच्या पोरांनी बरोबरी साधली. १-१. दाजींच्या मते आमचा गोल ऑफसाइड होता. त्यांच्या मते सांगलीपलीकडे आणि कागलअलीकडे सगळंच ऑफसाइड असतं.

खरी परीक्षा शेवटच्या शिट्टीनंतर. लोकांना वाटतं, गर्दीचा धोका आत जाताना असतो. भाच्याची ती मार्गदर्शिका मुळात १९७३ साली निघाली ती ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानातल्या दुर्घटनेनंतर. २ जानेवारी १९७१ ला सामना संपवून घरी निघालेली ६६ माणसं तिथे जिन्यात चेंगरून गेली. आमच्या तीनरंगी आराखड्यात घरी जाण्याची सोय एकच होती, ती लाल रंगात. मागच्या त्या आपत्कालीन गेटाला कुलूप होतं. फुकटे आत शिरू नयेत म्हणून. किल्ली एका पदाधिकाऱ्याकडे होती आणि पदाधिकारी संकेश्वरला लग्नाला गेले होते. म्हणून सगळे पुढच्या दीड मीटरकडे वळले. दीड मीटरच्या तोंडाशी छत्र्यांचा ढीग, आणि ढिगाभोवती वाकलेली माणसं. प्रत्येक जण एक छत्री उचलून उघडे, आतली काडी तपासे, "ही न्हवं" म्हणून मिटे आणि दुसरी उचले. एका आजोबांनी मुठीला पिवळा दोरा बांधला होता. त्या दोऱ्याची कल्पना आणखी कितीतरी आजोबांना सुचली होती. मागून लोंढा येत होता. भाच्याचं गणित तोंडातच राहिलं. तो फक्त म्हणाला, "मामा, हात छातीशी धरा. मागं ढकलू नका, कडेकडेनं सरका." मला त्या क्षणी छत्री नको होती, हे मी शपथेवर सांगतो.

तेवढ्यात दाजी ओरडले, "म्हशीमागनं चला!"

म्हैस सामना संपल्याचं समजून आपली निघाली होती. मैदानाच्या मागे, पाण्याच्या टाकीपलीकडे, कुंपणाची भिंत चांगली दोन माणसं बरोबरीने जातील एवढी पडली होती. अर्धे प्रेक्षक तिथूनच आले होते म्हणे. आता म्हशीमागे पासवाले, तिकीटवाले, फुकटे, दोन्ही संघांचे राखीव खेळाडू आणि शिट्टी वाजवून सगळ्यांना तिकडे वळवणारा आमचा तो हवालदार, असे सारे त्याच भगदाडातून गल्लीत उतरले. पुढच्या गेटाचा ताण सुटला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

आठवड्याने मी तिथून चाललो होतो, भाचा बरोबर होता. भिंत बांधून झाली होती, गवंडी गिलावा करत होता. वर काचांचे तुकडे रोवले होते. पदाधिकारी स्वतः उभे राहून काम करवून घेत होते. संकेश्वरचं लग्न चांगलं झालेलं दिसत होतं.

"पक्कं करून टाकलं बघा," ते म्हणाले. "आता एक तरी माणूस फुकट आत येऊ दे."

"आणि बाहेर?" भाच्याने विचारलं.

"बाहेर?" त्यांनी भाच्याकडे नीट बघितलं. "बाहेर जायला कुठं तिकीट लागतंय वो?"