मडूच्या मातेपुढे दोन भाषा

वसईतल्या आमच्या धर्मग्रामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर एकच वाद पेटलाय. रविवारची साडेसातची मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, इंग्रजीत करा, म्हणजे नव्या इमारतींतली कुटुंबंही येतील, असं काहींचं म्हणणं. एकाने तर मलाच मध्ये ओढलं: 'श्रीलंकेत बघा, एवढं युद्ध झालं, तरी लोक भाषा विसरून एकत्र येतात.'

मी सहा वर्षं कोलंबोत राहतोय. भाषा विसरून इथे कुणीही एकत्र येत नाही.

श्रीलंकेच्या उत्तरेला मन्नार जिल्ह्यात मडू इथे मरियामातेचं देवस्थान आहे. या मडूच्या मातेची यात्रा १५ ऑगस्टला असते. नेगोंबो-चिलावकडचे सिंहली आणि जाफना-मन्नारचे तमिळ भाविक झाडांखाली तंबू ठोकतात, तिथेच रांधतात, जाताना तिथली माती पुडीत बांधून नेतात. सर्पदंशावर ती गुणकारी, अशी श्रद्धा. १९९९च्या नोव्हेंबरात याच आवारात आसऱ्याला आलेले कितीतरी निर्वासित तोफगोळ्यांनी मारले गेले. २००८च्या एप्रिलमध्ये लढाई दाराशी आली, तेव्हा धर्मगुरूंना मातेची मूर्तीच तिथून हलवावी लागली.

गेल्या वर्षी मी तिथे लाऊडस्पीकरच्या मंडपात मदतीला होतो. नेगोंबोचा एक चार वर्षांचा मुलगा हरवला. माईकवर होती ती मन्नारची तमिळ मुलगी, कॉलेजात जाणारी. तिला सिंहली जेमतेम येत होतं. शेजारच्या सिस्टरांकडून तिने वाक्य विचारून घेतलं, पाकिटाच्या मागे तमिळ अक्षरांत उतरवलं आणि वाचलं. सिस्टरांनी एक उच्चार सुधारला. तिने पुन्हा वाचलं. पिठाने माखलेल्या हातांनी आई धावत आली.

'ऐक्यासाठी एकच भाषा' हे या देशाने करून पाहिलंय. १९५६ साली कायद्याने सिंहली ही एकमेव राजभाषा केली, आणि तमिळ माणूस स्वतःच्याच देशात परका झाला. पुढच्या युद्धाची कारणं अनेक, पण ही जखम त्यांत फार खोल आहे.

गोव्याचे धर्मगुरू जोसेफ वाझ १६८७ मध्ये डचांची कॅथलिक धर्मगुरूंवरची बंदी झुगारून भिकाऱ्याच्या वेषात इथे आले. त्यांनी तमिळ शिकली, सिंहलीही शिकली. १४ जानेवारी २०१५ला पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिलं आणि त्याच दुपारी ते मडूला गेले. तिथे तेव्हा मन्नारचे बिशप होते रायप्पू जोसेफ. युद्धाच्या अखेरीस १,४६,६७९ माणसं कुठे गेली, असा जाब त्यांनी २०११मध्ये सरकारी आयोगापुढे मागितला होता. त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. त्यांतल्या कुणाची आई मडूला येते, ती तमिळमध्ये रडते. एकोप्यासाठी तिने ते सोडावं, असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

वसईत रक्त सांडलेलं नाही, तुलना मी तिथवर ताणत नाही. पण इंग्रजीपुढे मराठी दबते, हे खरं. आणि मागच्या बाकावर बसणाऱ्या केरळच्या नर्सपुढे तीच मराठी दांडगी होते, हेही खरं. म्हणून ग्रुपवर लिहिलं: साडेसातची मिस्सा मराठीतच राहू दे, नऊची इंग्रजी सुरू करा, सूचना मात्र दोन्ही मिस्सांना दोन्ही भाषांत द्या.

'नऊला गाणार कोण?' असं लगेच विचारलं गेलं. माझी बहीण तयार आहे. तिला इंग्रजी नीट वाचता येत नाही. गाणी ती देवनागरीत लिहून घेतेय.