‘सोडा हो त्याला मोकळं’

आज सकाळी वेताळ टेकडीवर एका काकांनी मला फुकटात अक्कल शिकवली. त्यांचा लॅब्राडोर मोकळा, माझा ब्रुनो पट्ट्याला. ‘अहो मॅडम, सोडा की, टेकडीवर तरी हुंगू दे बिचाऱ्याला.’ आणि तेवढ्यात त्यांचा लॅब झुडपातनं काहीतरी कुजकं चघळत बाहेर आला, काका कौतुकाने हसतायत!! माझं डोकंच फिरलं.

मला लाडू आठवला. माझ्या भाचीचा कुत्रा, जर्मनीत, स्टुटगार्टजवळ. तीही जंगलात असाच मोकळा सोडायची, एकदा शिकाऱ्यांनी रानडुक्कर साफ करून टाकलेली आतडी त्याने खाल्ली. मग काही दिवसांनी एकच गाल खाजवायला लागला, थांबेचना, गालाचं कातडं निघालं, लाळ गळतेय, मी व्हिडिओ कॉलवर बघून म्हटलं अगं बाई, रेबीज! तर नाही. औयेस्कीचा रोग. हंगेरीतल्या औयेस्कीने 1902 साली ओळखला म्हणून ते नाव. व्हायरस हर्पिसच्या कुळातला, रेबीजच्या नाही, त्यामुळे रेबीजची लस वेळेवर दिलेली असून शून्य उपयोग. मोठी डुकरं तो अंगात घेऊन आरामात हिंडतात आणि कुत्र्याला झाला की संपलं, औषधच नाही. दोन दिवसांत लाडू गेला.

बरं, वेताळ टेकडीवर हा रोग आहे असं मी म्हणत नाहीये, लगेच कमेंटमध्ये तुटून पडू नका. तिकडेही कुत्र्यांना क्वचितच होतो, पाळीव डुकरांतून तर जर्मनीने 2003 मध्येच घालवलाय, रानडुकरांत राहिलाय. आणि हो, कुत्र्याला पळायला हवं, मान्य. पण पळणं वेगळं आणि दिसेल ते तोंडात घालणं वेगळं ना? आणि ते रॉ डाएटवाले, ‘लांडग्याचा वंशज आहे’ म्हणत कच्चं पोर्क घालणारे! अरे तो लांडगा सोफ्यावर एसीत झोपतो. शिजवून घाला की, गॅस काय महाग झालाय का?

भाची अजून म्हणते, ‘मावशी, मीच सोडला गं त्याला.’ काय बोलणार. मी नुसतं हूं हूं करते. पोरीने त्याच्यासाठी पुण्याहून चितळ्यांची बाकरवडी मागवलेली, म्हणजे स्वतःसाठीच, पण नाव त्याचं.

काका, तुम्ही इथे असाल तर वाचा. नसाल तर उद्या साडेसहाला आहेच मी टेकडीवर.