माझ्या घामाचा आलेख

माझी भाची सई डिझाइन शिकते. म्हणजे नक्की काय शिकते, हे तिच्या आईलाही धड सांगता येत नाही. 'कपड्यांचं नाही, फोनमधलं' एवढं सांगून माझी बहीण विषय बदलते. तर मार्चमध्ये सईचा फोन आला. "मावशी, मला आठ वापरकर्ते हवेत, साठीच्या पुढचे. सात मिळालेत." मी म्हटलं, "काका रिकामेच बसलेत, त्यांना पाठवते." तर म्हणाली, "काका नकोत. ते दर दोन मिनिटांनी 'आमच्या वेळी' सुरू करतात. डेटा खराब होतो."

अशी मी वापरकर्ती झाले आणि सकाळच्या एसटीने नाशिकहून पुण्याला गेले.

दवाखान्याची वेळ ठरवायचं एक ॲप सईने आणि तिच्या वर्गातल्या ओंकारने बनवलं होतं. ते चालतं का, हे त्यांना बघायचंच नव्हतं. वापरताना माणसाला काय वाटतं, ते मोजायचं होतं. मी म्हटलं, "अगं, मग विचार ना, सांगते." त्यावर दोघं एकमेकांकडे बघून हसली. माणसं खरं सांगत नाहीत म्हणे. हे मात्र त्यांचं बरोबर होतं. मी सकाळीच ठरवून आले होते, काहीही दाखवलं तरी 'छान केलंय हो' म्हणायचं. पोरांनी एवढी मेहनत घेतलेली.

ओंकारने माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांना पट्ट्या बांधल्या. त्यातून अगदी किंचित करंट जातो, कळतही नाही, असं तो म्हणाला. त्याने असं म्हटल्याक्षणी मला तो कळायला लागला. तत्त्व सोपं आहे. मनात काही उचंबळलं की बोटांना बारीक घाम येतो, घाम आला की त्वचेतून वीज सोपी जाते, आणि पडद्यावरची रेघ वर चढते. फक्त उचंबळलं किती ते कळतं, कशाने ते कळत नाही. लॉटरी लागली काय आणि अंगावर पाल पडली काय, घाम तोच. शिवाय रेघ चढते ती एक ते तीन सेकंद उशिराने.

बी.ए.ला माझं संस्कृत होतं. मी म्हटलं, "अरे, हे तर भरतमुनींचं. आठ सात्त्विक भाव, मनातलं अंगावर दिसतं ते. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. तुम्ही अजून दुसऱ्यावरच, म्हणजे घामावरच, आहात." ओंकारने तत्परतेने वही काढली आणि 'वेपथु' कसं लिहायचं ते विचारलं. मुलगा चांगला आहे.

मग 'बेसलाइन'. पाच मिनिटं डोळे उघडे ठेवून शांत बसायचं आणि मनात काही आणायचं नाही, म्हणजे माझी मूळची रेघ कुठे असते ते कळतं. पहिलं मिनिट बरं गेलं. दुसऱ्या मिनिटाला, मी गॅस बंद केला होता का? आलेखावर टेकडी. केला होता, पण दूध फ्रिजमध्ये ठेवलं का? दुसरी टेकडी. त्यात खोलीतला पंखा बंद. का, तर आवाज रेकॉर्ड व्हायचा होता. मार्च महिना, पत्र्याचं छप्पर, बंद पंखा, आणि ही दोघं माझा घाम मोजतायत! माझी मूळची रेघच इतकी वर गेली की ओंकार हळूच म्हणाला, "मावशी, तुम्ही नेहमी अशाच असता का?"

ॲप उघडलं. त्यातली एक गुलाबी बाहुली हात हलवत म्हणाली, "हाय मंगल! आज तुला कसं वाटतंय?"

मला बासष्ट पूर्ण व्हायला आलीत. मला मंगल म्हणणारी माणसं आता तीन उरली आहेत, आणि 'हाय' त्यांतलं कोणीच म्हणत नाही. रेघ चढली. सईने 'स्वागत: उत्साह' असं लिहून घेतलेलं मी चष्म्याच्या वरून वाचलं.

"मावशी, मोठ्याने विचार करत राहा," ओंकारने आठवण केली. मनात येईल ते बोलत बोलत वापरायचं, अशी त्यांची पद्धत असते. बाळा, आम्ही मोठ्याने विचार केले असते तर संसार टिकले असते का? मी मोठ्याने म्हटलं, "छान आहे हो गुलाबी."

पुढे जन्मतारीख. कॅलेंडर उघडलं ते चालू महिन्याचं. डाव्या कोपऱ्यात राजगिऱ्याच्या दाण्याएवढा बाण. तो दाबला की एक महिना मागे. मार्च 2025 पासून जून 1963 पर्यंत. आमची पिढी पाढ्यांची; 741 टिचक्या, हे मला तिथल्या तिथे कळलं. वर्ष बदलायची दुसरी काही सोय असेल असं वाटलं, पण परीक्षेत बाजूच्याला विचारायचं नसतं. सुरू केलं. फेब्रुवारी, जानेवारी, डिसेंबर. कधी बाण चुकून बोट बाहेर पडे, कॅलेंडर मिटे, आणि बाहुली तोंड पाडून म्हणे, "अरेरे! काहीतरी चुकलं बरं का!" मग पुन्हा मार्च 2025.

तिसऱ्या प्रयत्नात लय सापडली. एका सरकारी खिडकीमागे मी 34 वर्षं शिक्के मारलेत, त्याचा उपयोग झाला. पण गंमत अशी, की असे महिने उलटे जायला लागले की माणूस ॲपमध्ये राहत नाही. 2020 गेलं. मुलाचं लग्न गेलं. सासूबाई गेल्या, म्हणजे परत आल्या. आणि 407 व्या टिचकीला एप्रिल 1991 आला.

एप्रिल 1991 मध्ये आमच्या घराची वास्तुशांत झाली. चाळीस पानं. आदल्या रात्री चक्का टांगून, पहाटे उठून, पुरणयंत्रातून काढून मी श्रीखंड केलं होतं. धाकट्या नणंदबाईंनी पहिली बोटभर चाखली आणि पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "वा! अगदी विकतच्यासारखं झालंय." हे कौतुक होतं की काय होतं, ते 34 वर्षांत मला ठरवता आलेलं नाही. पण रात्री दोन वाजता जाग आली तर मी अजून त्याचं उत्तर तयार करते.

पुढचं थोडक्यात सांगते. जन्मतारीख टाकली, ओटीपी आला तेव्हा स्तंभ झाला, म्हणजे जागीच थिजले; तो टाकताना वेपथु झाला, म्हणजे हात कापले. प्रलय मात्र मला नाही, ॲपला आला. आपलं आपण मिटलं.

समोरचा कॅमेरा तोवर माझा चेहरा वाचत होता. चेहऱ्याच्या स्नायूंची बारीकसारीक नोंद करायची पद्धत पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीजन यांनी 1978 मध्ये बांधली, असं ओंकार म्हणाला. संगणकाचं मत, मी जवळजवळ सबंध वेळ रागावलेली. कारण काय, तर भुवया जवळ आलेल्या. अरे, जवळचा चष्मा घरी राहिलाय! हसूही धरलं नाही. खऱ्या हसण्यात म्हणे डोळ्यांभोवतीचा स्नायूही हलतो, माझे नुसते ओठ हलले. खिडकीमागे 34 वर्षं तेवढंच पुरत होतं.

मग कागद. आधी तीन ओळींत माणसांची चित्रं. शब्द न वापरता भावना सांगता याव्यात म्हणून पीटर लँग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1980 मध्ये ही आणली. पहिली ओळ हसऱ्यापासून रडव्यापर्यंत, ती समजली. दुसऱ्या ओळीत माणसाच्या पोटात स्फोट झालेला. खळबळ किती, असं विचारायचं होतं. मी ॲसिडिटी समजून मधलं चित्र निवडलं. तिसऱ्या ओळीत चिमुकल्या माणसापासून धिप्पाड माणसापर्यंत. मी प्रामाणिकपणे वजनाप्रमाणे खूण केली. नंतर कळलं, परिस्थितीवर तुमचा ताबा किती, असा तो प्रश्न होता. म्हणजे त्या खोलीत सगळ्यात जास्त ताबा माझाच, अशी नोंद झाली.

शेवटी शब्द. 1988 सालची एक अमेरिकन यादी आहे, दहा चांगल्या भावना, दहा वाईट, प्रत्येकीला एक ते पाच गुण. सई-ओंकारने रात्रभर जागून तिचं मराठी केलं होतं. 'प्रेरित', 'निर्धारयुक्त', 'शत्रुत्वपूर्ण'. 'घाबरलेले' एकदा आणि 'भयभीत' पुन्हा एकदा, का तर मुळातही ते दोनदा आहे. मी यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. वैताग नव्हता! बाहुलीने तोंड पाडल्यावर येतो तो वीट नव्हता. कंटाळा, कसंतरीच होणं, काहीच नाही. सबंध दुपार मला जे होत होतं, त्याला रकानाच नव्हता. 'अपराधी'ला मात्र चार दिले. काहीतरी चुकलं, चुकलं असं एकजण सारखं म्हणत राहिलं, की वाटतंच.

बोटं सुटली, पंखा लागला, चहा आला. सईने व्हिडिओ आणि आलेख शेजारी शेजारी लावले. "मावशी, इथे बघ. केवढा डोंगर! आठ जणांत एवढा कोणाचाच नाही. इथे नक्की काय झालं तुला?"

पडद्यावर एप्रिल 1991 थांबला होता. खाली मी, भुवया जवळ, ओठांवर हसू.

"बाण फार बारीक होता," मी म्हटलं.

दोघांनी गंभीरपणे माना हलवल्या आणि टाइप करून घेतलं.

मागच्या आठवड्यात सईने सुधारलेलं ॲप पाठवलं. वर्ष सरळ लिहायची सोय करा, असं एका आजोबांनी सुचवलं होतं म्हणे, पण त्यांच्या घामाने दुजोरा दिला नाही. बाण मात्र आता बत्ताशाएवढा केलाय. दाबून धरला की महिने भराभर मागे पळतात. एप्रिल 1991 नऊ सेकंदांत येतो.