वापरकर्त्याचे हात बांधल्याने प्रोग्रॅम सुरक्षित होत नाही

‘प्रोग्रॅम काम करत असताना माऊस आणि कीबोर्ड बंद करून टाका’ हा सल्ला संगणकाच्या वर्गांत आणि सॉफ्टवेअरच्या कार्यालयांत इतक्या सहजपणे दिला जातो, की तो तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली आहे. त्याच्या समर्थनार्थ साधारणपणे पाच गोष्टी सांगितल्या जातात. बंदीच्या काळातले क्लिक वाया जातात, म्हणून तेच काम दोनदा होत नाही. पडद्यावर एक पारदर्शक आवरण टाकले की बंदी पुरी होते. वापरकर्ता निमूटपणे थांबतो, त्यामुळे डेटा अर्धवट राहत नाही. पैशांच्या व्यवहारात याला पर्याय नाही. आणि कोड सोपा राहतो. या पाचही गोष्टींत थोडे तथ्य आहे, म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. पण जपायचे असते ते काम, आणि त्याला संरक्षण त्याच्या जवळच द्यावे लागते. संपूर्ण खिडकी गोठवून ते मिळत नाही, हे एकेका मुद्द्यावरून दाखवता येईल.

पहिला दावा क्लिक वाया जाण्याचा आहे, आणि सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे. विंडोज असो, वा खिडक्या आणि बटणे बनवण्याची जावाचे स्विंग, क्यूट, पायथनचे टीकिंटर ही साधने असोत, मूळ रचना सगळीकडे सारखीच आहे: माऊसची प्रत्येक हालचाल आणि दाबलेली प्रत्येक कळ एक घटना म्हणून रांगेत जाते, आणि एकच मुख्य थ्रेड (प्रोग्रॅममधला सूचना ओळीने पार पाडणारा एक प्रवाह) त्या रांगेतून एकेक घटना उचलून हातावेगळी करतो. हा थ्रेड एखाद्या लांबलचक कामात अडकला की रांग पुढे सरकत नाही, एवढेच. तिच्यात नवी भर पडायची थांबत नाही. आता नेहमी लिहिला जाणारा कोड पाहा. बटणाच्या हँडलरमध्ये, म्हणजे बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, पहिल्या ओळीत बटण निष्क्रिय केले जाते, मग काम चालते, आणि शेवटच्या ओळीत बटण पुन्हा सक्रिय केले जाते. पडदा रंगवण्याचे कामही त्याच थ्रेडकडे असल्यामुळे बटण निष्क्रिय झाल्याचे बहुतेक वेळा पडद्यावर दिसतच नाही. वापरकर्त्याला ते जिवंत दिसते, तो पुन्हा दाबतो, आणि तो क्लिक रांगेत जाऊन बसतो. काम संपते, शेवटची ओळ बटण सक्रिय करते, नियंत्रण रांगेकडे परत जाते, आणि थांबलेला क्लिक आता सक्रिय बटणावर येऊन पडतो. काम पुन्हा सुरू होते. म्हणजे जे टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला तेच घडते, आणि कोड वाचणाऱ्याला मात्र बंदोबस्त पक्का असल्याचा भास होत राहतो.

क्यूटमध्ये तर हे दस्तऐवजातच स्पष्ट लिहिलेले आहे. रांगेतल्या घटना उचलणाऱ्या ‘प्रोसेसइव्हेंट्स’ या फंक्शनला वापरकर्त्याच्या घटना वगळण्याची खूण देता येते. मात्र वगळलेल्या घटना टाकून दिल्या जात नाहीत, ही खूण न देता ते फंक्शन पुढच्या वेळी बोलावले जाईल तेव्हा त्या पोहोचवल्या जातात. ही बंदी नव्हे, पुढे ढकललेली अंमलबजावणी आहे. पाच मिनिटांपूर्वी रागाने दाबलेला ‘हटवा’ आता वेगळ्याच यादीवर, वेगळ्याच ओळीवर लागू होऊ शकतो.

क्लिक खरोखर वाया जायला हवे असतील तर मुख्य थ्रेड मोकळाच ठेवावा लागतो. काम वेगळ्या थ्रेडवर पाठवायचे, तेच काम सुरू करणारे एक बटण निष्क्रिय करायचे, आणि काम संपल्याचा निरोप आल्यावरच ते सक्रिय करायचे. रांग चालू असल्यामुळे निष्क्रिय बटणावरचा क्लिक त्याच क्षणी उचलला जातो आणि टाकून दिला जातो. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये २००५ साली ‘बॅकग्राउंडवर्कर’ आणि जावाच्या सहाव्या आवृत्तीत २००६ साली ‘स्विंगवर्कर’ आले ते नेमके याच कामासाठी. व्हिज्युअल बेसिकच्या काळातला ‘डूइव्हेंट्स’चा मार्ग मात्र मी सुचवणार नाही, त्यात चालू कामाच्या मधोमध रांग फिरवली जाते, आणि तेच हँडलर स्वतःच्याच पोटात दुसऱ्यांदा सुरू होऊ शकते. ज्यांच्या हातात अजून असा जुना कोड आहे त्यांनी बटणे बंद ठेवणे योग्यच आहे, हे मान्य केले पाहिजे.

दुसरा दावा पारदर्शक आवरणाचा आहे. तो लवकर निकालात निघतो, कारण असे आवरण सहसा फक्त माऊस अडवते. स्विंगमध्ये खिडकीवर काचेचा थर टाकून त्याला माऊसच्या घटना ऐकायला लावले तरी कीबोर्डचा रोख ज्या घटकावर आधीपासून असेल त्याच्याकडे कळा जातच राहतात. टॅब दाबून पुढच्या बटणावर जाता येते आणि स्पेसने ते दाबताही येते. वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसमधून ‘पॉइंटर-इव्हेंट्स’ (माऊसच्या घटना) बंद केले तरी हीच स्थिती राहते. याचा फटका दोन्ही बाजूंनी बसतो. घाईतल्या माणसाला बंदी ओलांडता येते, आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीला बंदी आहे हेच कळत नाही. तिला खालची बटणे ऐकू येत राहतात आणि ती आता दाबायची नाहीत हे कोणी सांगत नाही. एचटीएमएलमधला ‘इनर्ट’ हा गुणधर्म मात्र त्या भागाचा माऊस, कीबोर्ड आणि स्क्रीन रीडर या तिन्हींशी संबंध एकदम तोडतो, आणि २०२३पासून तो सर्व प्रमुख ब्राउझरांत चालतो. पानाचा एखादा भाग अडवायचाच असेल तर तो असा अडवावा.

तिसरा दावा माणसाच्या स्वभावाविषयी आहे: अडवले की तो थांबतो. तसे होत नाही, आणि खुद्द ऑपरेटिंग सिस्टीमही थांबत नाही. एखाद्या खिडकीच्या थ्रेडने सुमारे ५ सेकंद रांगेतून काहीच उचलले नाही तर विंडोज ती खिडकी प्रतिसाद देत नसल्याचे ठरवते, तिच्या जागी तिची एक फिकट प्रतिकृती दाखवते, आणि वापरकर्त्याला ती बंद करण्याची सोय देते. अँड्रॉइडमध्येही स्पर्शाला ५ सेकंदांत प्रतिसाद मिळाला नाही की ॲप बंद करायचे का, अशी विचारणा येते. अशा वेळी माणूस ‘बंद करा’ म्हणतो, टास्क मॅनेजर उघडतो किंवा वीजच बंद करतो, आणि फाइल अर्धी लिहून झालेली असताना प्रोग्रॅम मारला जातो. ज्या अर्धवट डेटाची भीती होती, तो बंदीमुळेच जन्माला येतो.

वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९३ साली मांडलेल्या आणि रॉबर्ट मिलर यांच्या १९६८च्या कामापर्यंत मागे जाणाऱ्या मर्यादा इथे उपयोगी पडतात: ०.१ सेकंदात उत्तर आले तर ते तत्काळ वाटते, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, आणि १० सेकंदांपलीकडे लक्ष त्या कामावर टिकत नाही. त्यामुळे दहा सेकंदांपेक्षा लांब कामात किती झाले, किती राहिले हे दिसायला हवे, आणि थांबवण्याचे बटण चालू राहायला हवे. संपूर्ण बंदीत नेमके हेच बटण आधी मरते. डेटा अर्धवट राहू नये याचा उपाय वेगळ्याच जागी आहे: डेटाबेसमध्ये सगळे बदल एका व्यवहारात (सगळे होतील किंवा एकही होणार नाही असे) बांधावेत, फाइल आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहून मगच मूळ नावावर आणावी. मग वीज गेली तरी जुनी प्रत शाबूत राहते. वीज जाण्याला कोणतीही बंदी रोखू शकत नाही, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको.

अँड्रॉइडने २०१७च्या आठव्या आवृत्तीत काम चालू असल्याचे दाखवणारा ‘प्रोग्रेसडायलॉग’ कालबाह्य ठरवताना हेच कारण दिले होते, की तो वापरकर्त्याला ॲपशी संवाद साधू देत नाही. सर्व स्पर्श दुर्लक्षित करण्याची ॲपलची जुनी सोयही २०१९मध्ये आयओएस १३ मध्ये कालबाह्य ठरली.

चौथा दावा पैशांचा आहे, आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण इथली चूक एखाद्याच्या खात्यातून दुसऱ्यांदा रक्कम जाण्यापर्यंत पोहोचते. भारतातल्या ऑनलाइन भरण्याच्या पानांवर ‘बॅक किंवा रिफ्रेश दाबू नका’ अशी सूचना आपण सर्वांनी वाचलेली आहे. ही सूचना वापरकर्त्याची नसलेली जबाबदारी त्याच्या गळ्यात घालते. तोच व्यवहार दोनदा पोहोचण्याची कारणे बटणाच्या पलीकडे कितीतरी आहेत: मोबाइलचे नेटवर्क मध्येच तुटून जोडले जाते आणि ॲप आपण होऊन विनंती पुन्हा पाठवते, सर्व्हरने रक्कम वळती केली, पण उत्तर परत येताना हरवते, तेच पान दुसऱ्या टॅबमध्ये उघडे असते. यांपैकी एकाही वाटेवर पडद्यावरची बंदी उभी नसते. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या, म्हणजे एचटीटीपीच्या, नियमांतच हा फरक आहे: ‘गेट’, ‘पुट’ आणि ‘डिलीट’ या विनंत्या एकदा केल्या काय आणि चारदा केल्या काय, परिणाम एकच असायला हवा; ‘पोस्ट’बाबत तशी हमी नाही, आणि भरणा बहुधा ‘पोस्ट’नेच होतो. म्हणून पान उघडतानाच प्रत्येक भरण्याला एक स्वतंत्र ओळखक्रमांक द्यावा, आणि तो क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी रक्कम न कापता पहिलेच उत्तर परत द्यावे. ऑनलाइन भरणा हाताळणाऱ्या स्ट्राइपसारख्या सेवा अशी किल्ली उघडपणे स्वीकारतात. हे झाले की बटण कितीही वेळा दाबले तरी पैसे एकदाच जातात, आणि हे झाले नसेल तर बटण बंद ठेवूनही जायचे ते जातातच.

बंदीचे समर्थक इथे थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राचा दाखला देऊ शकतात, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्राने सहा रुग्णांना किरणांचा प्रचंड अतिरिक्त मारा दिला. टेक्सासमधल्या टायलर येथील १९८६च्या दोन घटनांत चालकाने उपचाराचा प्रकार चुकीचा टाकला होता आणि लगेच कर्सर वर नेऊन दुरुस्त केला होता. त्याच वेळी चुंबक जागेवर बसवण्याचे सुमारे ८ सेकंदांचे काम चालू होते. त्या अवधीत झालेली दुरुस्ती पडद्यावर दिसली, पण आतल्या प्रोग्रॅमच्या लक्षात आली नाही. मग त्या आठ सेकंदांत कीबोर्ड बंद केला असता तर? ती एक वाट बंद झाली असती, हे खरे. पण दोषाचे मूळ दोन कामांमध्ये सामायिक असलेल्या माहितीच्या हाताळणीत होते, आणि तो कीबोर्डच्या बंदीने गेला नसता. थेरॅक-२० या आधीच्या यंत्राच्या प्रोग्रॅममध्येही असाच दोष असल्याचे पुढे आढळले. तिथे रुग्णांना इजा झाली नाही, कारण त्या यंत्रात चुकीच्या स्थितीत किरण सुरूच होऊ न देणारी स्वतंत्र यांत्रिक अडवणूक होती. थेरॅक-२५ मध्ये ती काढून टाकली होती. रुग्ण वाचले ते किरणांच्या उगमापाशी असलेल्या अडवणुकीमुळे.

कोड सोपा राहतो, या शेवटच्या दाव्याला एक्सेलचे उदाहरण पुरेसे आहे. मॅक्रोमध्ये, म्हणजे एक्सेलमध्ये लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, ‘ॲप्लिकेशन.इंटरॅक्टिव्ह’ असत्य केले की कीबोर्ड आणि माऊस बंद होतात. पण मॅक्रो मध्येच त्रुटी येऊन थांबला तर एक्सेल ते आपण होऊन पूर्ववत करत नाही. म्हणजे बंदी घालणारी ओळ एकच असली तरी ती उठवण्याची हमी प्रत्येक त्रुटीच्या वाटेवर स्वतंत्रपणे लिहावी लागते, आणि अशी एखादी वाट हमखास सुटते.

बंदी रास्त असते अशी कामे आहेत, पण ती थोडी आहेत: फर्मवेअर, म्हणजे उपकरणात बसवलेला मूळ प्रोग्रॅम, बदलताना मध्ये थांबण्याची सुरक्षित जागाच नसते, डेटाबेसची रचना बदलताना जुन्या आणि नव्या रचनेवर एकाच वेळी लिहिणे चालत नाही. अशा वेळी बंदी घालताना ती का आहे आणि साधारण किती वेळ राहील हे पडद्यावर लिहावे, आणि स्क्रीन रीडरलाही ते वाचता येईल असे लिहावे. बाकी ठिकाणी चालू कामाशी टक्कर होईल तेवढेच बटण किंवा तेवढाच रकाना अडवावा, आणि शोध, वाचन, सरकवणे व ‘थांबवा’ हे सगळे चालू ठेवावे.