पोचलं का तुमचं आरमार?

युद्धनौका आणि लढाऊ विमानांची पुस्तकं वाचतो म्हटलं की लोकांना वाटतं, हा गृहस्थ रोज रात्री तोफांच्या धुरात झोपत असणार. कसलं काय! आरमारी इतिहासात लढाई येते जेमतेम चाळीस पानं. बाकी सगळा कोळसा. कोळसा भरायचा, कोळसा जाळायचा, आणि कोळसा द्यायला कोणी तयार नाही म्हणून नकाशावर बोट ठेवून बसायचं.

सध्या मी रशियाच्या बाल्टिक आरमाराबरोबर आहे. 1904च्या ऑक्टोबरात ते लिबाऊ बंदरातून जपानशी लढायला निघालं. मोठ्या जहाजांनी आफ्रिकेला वळसा घालायचा आणि पुढे थेट पूर्व टोक गाठायचं. एकूण सुमारे 33,000 किलोमीटर, आणि वाटेत हक्काचं एकही बंदर नाही. निघून आठवडा होतो न होतो तोच उत्तर समुद्रात डॉगर बँकपाशी रात्री समोर दिवे दिसले. जपानी टॉर्पेडो बोटी! चालवा तोफा! जपान पृथ्वीच्या पार पलीकडे, आणि समोर होते इंग्लंडच्या हल बंदरातले कोळी, जाळी टाकून बसलेले. त्यातले काही बिचारे हकनाक गेले, म्हणून हसायचीही चोरी. त्याच गोंधळात रशियनांनी आपल्याच ‘अरोरा’ या युद्धनौकेवर गोळे डागले.

“अगं, अरोरावर गोळे टाकले!” मी न राहवून ओरडलो.

“कुठले अरोरा?” आतून आवाज. “आपल्या वरच्या मजल्यावर होते ते?”

इथून पुढे काय सांगणार? हीच अरोरा 1917च्या क्रांतीत पेट्रोग्राडला तोफेचा पोकळ बार काढून अजरामर झाली, आजही त्याच शहरात, म्हणजे सेंट पीटर्सबर्गला, उभी आहे, हे सगळं मी गिळलं आणि कोथिंबीर आणायला गेलो.

परत येऊन बघतो तर आरमार मादागास्करला अडकलेलं. नोसी बे नावाच्या बेटापाशी दोन महिन्यांवर मुक्काम. जर्मन जहाजं कोळसा आणणार, तो डेकवर, जिन्यात, अधिकाऱ्यांच्या खोल्यांत रचायचा. वर उकाडा असा की वाचतानाही पंखा पाचावर करावा लागतो. त्यात बातमी येते की ज्या पोर्ट आर्थर या रशियन आरमारी तळाच्या मदतीला निघालो, ते जपानने कधीच जिंकलं. वऱ्हाड निम्म्या वाटेत असताना लग्न मोडल्याचं कळावं, आणि मुलाच्या बापाने म्हणावं, चला, हॉलचे पैसे भरलेत. मुलाचा बाप म्हणजे इथे झार.

या पुस्तकांचे शारीरिक हालही काही कमी नाहीत. आडवं पडून वाचावं तर दीड किलोचा ग्रंथ छातीवर, आणि डुलकी लागली की नाकावर. नकाशा नेहमी दोन पानांवर पसरलेला, आणि नेमकी लढाई झाली ती जागा बांधणीच्या घडीत गडप. टिपा सगळ्या शेवटी, म्हणजे एक बोट मजकुरात, दुसरं टिपांत, तिसरं नकाशात. चहाचा कप कुणी धरायचा? शिवाय त्या काळी रशियन कॅलेंडर आपल्यापेक्षा 13 दिवस मागे. लेखकमहाशय लहर लागेल तसं कधी हे वापरतात, कधी ते. त्यामुळे एखादं जहाज निघण्याआधीच पोचलेलं असतं.

“पोचलं का तुमचं आरमार?” रात्री जेवताना हिने विचारलं.

“पोचेल, पण बुडणार आहे. त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत. 1905चा मे.”

“शेवट माहितीये, मग कशाला डोळे फोडताय?”

याला माझ्याकडे उत्तर नाही. पण खरं सांगतो, दरवेळी वाटतं की यंदा त्या इस्पितळ-जहाजाचे दिवे कोणीतरी मालवेल. सगळं आरमार अंधारात चोरपावलांनी चाललेलं, आणि मागे हे एकटं झगझगाट करत. तेच दिवे बघून जपानी टेहळ्यांनी माग काढला. पुढे ॲडमिरल तोगोने जी दाणादाण उडवली, त्यातून तीन जहाजं तेवढी व्लादिवोस्तोकला पोचली. जपानच्या बुडाल्या तीन टॉर्पेडो बोटी. यंदाही दिवे कोणी मालवले नाहीत.

हवाई दलाची पुस्तकं त्या मानाने हलकी. तिथे कोळशाच्या जागी कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग, असतो. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटनचं लढाऊ विमान स्पिटफायर दिसायला देखणं, पण नाक एकदम खाली घालून सूर मारला की इंजिन आचके द्यायचं. तरंगत्या गोळ्याचा कार्ब्युरेटर, त्यात पेट्रोल उसळून गडबड. जर्मन वैमानिकाला हे ठाऊक. त्याच्या इंजिनात पेट्रोल थेट फवारलं जायचं, तो खुशाल सूर मारून निसटायचा. यावर 1941मध्ये तोडगा काढला बिॲट्रिस शिलिंग या इंजिनियरबाईंनी. ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी शंभर मैलांच्या वर मोटारसायकल पळवून सुवर्णतारा मिळवलेल्या बाई. त्यांनी काय केलं, तर पेट्रोलच्या नळीत मधोमध भोक असलेली एक छोटी पितळी चकती बसवली. लागेल तेवढंच पेट्रोल पुढे, जास्त नाही. स्वतः पथक घेऊन विमानतळोविमानतळी फिरल्या आणि बसवून दिल्या.

हे मी कोणाला सांगू? मित्राला सांगायला घेतलं की त्याला फोन येतो. भाच्याला सांगावं तर तो मोबाइलवर स्पिटफायर उडवतच असतो आणि मलाच तोफांची संख्या सांगतो. शेवटी एकजण तावडीत सापडला: आमचा प्लंबर. तो सिंकखाली उताणा, दोन्ही हात पाइपात, पळून जायची सोय नाही. मी स्टूल ओढलं आणि इंग्लंडच्या आकाशापासून सुरुवात केली. तो मुकाट ऐकत होता. चकतीपाशी आलो तसा पाना थांबला.

“म्हणजे वायसरच की.”

“वायसरच!” मला गहिवरून आलं.

“पितळी?”

“पितळी.”

“मग बरोबर. रबरी टिकला नसता पेट्रोलात.” तो बाहेर सरकला, हात पुसले. “आणि बाईंनी किती घेतले एका विमानाचे?”

“पैसे कसले? सरकारी नोकरी होती. पुढे सरकारने किताब दिला.”

त्याने माझ्याकडे, मग उघड्या पुस्तकाकडे पाहिलं.

“आपल्याला किताब नको साहेब,” तो म्हणाला. “साडेतीनशे द्या. आणि गोष्टीचे शंभर वेगळे, पुढचं गिऱ्हाईक तिकडे खोळंबलंय.”