‘मोठ्या ॲम्पिअरची टाका, टेन्शन संपलं’: बॅटरीच्या मेसेजचा प्रतिवाद

उन्हाळा लागला की सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दुचाकीच्या बॅटरीचा एक मेसेज फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, सूर तोच: “सेल्फ लागत नाही म्हणजे बॅटरी गेली. नवी घेताना कंपनीपेक्षा मोठ्या ॲम्पिअरची घ्या. मेंटेनन्स फ्री घेतली की परत बघायला नको. बॅटरीला थंडी बाधते, आपल्याकडच्या उन्हाचं काही नाही. पाणी कमी झालं तर आरओचं चालतं. आणि उतरलीच तर धक्का मारा, दहा मिनिटं फिरवा, फुल चार्ज.” सगळंच खोटं नाही. पण जे खरं आहे ते अर्धं आहे, आणि त्या अर्ध्यापायी लोक वर्षाआड बॅटरी बदलत बसतात.

“सेल्फ लागत नाही म्हणजे बॅटरी गेली.”

सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. बॅटरी गेली की नाही हे दोन-तीनशे रुपयांच्या मल्टिमीटरवर कळतं. गाडी रात्रभर उभी असू द्या आणि सकाळी किल्ली फिरवण्याआधी बॅटरीच्या दोन्ही टोकांवर व्होल्टेज बघा. १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सीलबंद (मेंटेनन्स फ्री) बॅटरी याहून किंचित वर दाखवते.

आता मीटर लावलेलाच ठेवून सेल्फ मारा. आकडा ९.६ च्या वर टिकला तर बॅटरी धडधाकट आहे. १२.७ वरून थेट सात-आठवर कोसळला तर आतल्या शिशाच्या प्लेटा संपल्या. रात्रभर चार्ज करूनही उभ्या गाडीत १०.५ च दिसत असेल तर आतल्या सहा सेलपैकी (कप्प्यांपैकी) एक शॉर्ट आहे. एका सेलचे २.१ व्होल्ट कमी झाले की नेमका हाच आकडा येतो. अशी बॅटरी कुठल्याही चार्जरने उठत नाही.

तिसरं माप इंजिन चालू असताना घ्यायचं. हेडलाइट लावून ॲक्सिलरेटर चार-पाच हजार आरपीएमला धरा. १३.५ ते १४.८ यायला हवेत. १३ च्या खाली राहिलं तर मॅग्नेट कॉइल (इंजिनवरची वीज बनवणारी), आरआर युनिट (ती वीज बॅटरीजोगी करून व्होल्टेज आवरणारं) किंवा त्यांचं जळकं कपलर (वायरजोड) तपासा. १५ च्या वर गेलं तर आरआर युनिट गेलंय, आणि ते नव्या बॅटरीलाही तसंच उकळवणार. काही महिन्यांत दुसरी बॅटरी ‘खराब निघते’ तेव्हा बहुतेकदा हे माप कुणी घेतलेलंच नसतं.

सेल्फ मारल्यावर नुसतं ‘कट-कट’ होतं, पण बॅटरीवर १२ च्या वर टिकून आहेत? मग दोष पुढे आहे: टर्मिनल, अर्थची वायर (बॅटरीच्या मायनसपासून इंजिन-चेसीला जाणारी), रिले (सेल्फला करंट सोडणारा स्विच). मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या टोकावर ठेवा (वायरच्या थिंबलवर, म्हणजे कडीवर नव्हे), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारा. ०.३ व्होल्टच्या वर आलं तर अर्थ खराब. बोल्ट काढा, गंज घासा, परत घट्ट करा. पैसा लागत नाही. ‘पण नवी बॅटरी टाकल्यावर गाडी लागली की!’ असं कुणी म्हणेल. लागणारच. बसवताना मेकॅनिकनं टर्मिनल घासून घट्ट केली होती.

“कंपनीपेक्षा मोठ्या ॲम्पिअरची घ्या.”

मोठ्या बॅटरीनं सेल्फ किंवा वायरिंग जळतं ही भीती खोटी आहे. व्होल्टेज १२ च असतं आणि सेल्फ हवा तेवढाच करंट घेतो. ट्रेमध्ये नीट बसत असेल तर एखाद ॲम्पिअर-अवर (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप, मेसेजमधलं ‘ॲम्पिअर’ ते हेच) जास्त चालतं. पण दुखणं त्यानं जात नाही. साधा हिशेब करा. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीचा सेल्फ ६० ॲम्पिअर ओढतो आणि तीन सेकंद चालतो असं धरलं, तर एका स्टार्टला ०.०५ ॲम्पिअर-अवर जातात. ४ ॲम्पिअर-अवरची बॅटरी त्याला भरपूर झाली. खरी अडचण भरण्याची. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांत हेडलाइट इंजिनसोबत कायम चालू असतो. नव्या पेठेच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर बॅटरीकडे उरून एक ॲम्पिअर गेला तरी नशीब. ९ ची बॅटरी निम्मी उतरली तर साडेचार भरायला त्या गतीनं, चार्जिंगमधली तूट धरून, पाच तासांहून जास्त हवेत, आणि सात रस्त्यापर्यंतच्या फेरीत ते कधीच मिळत नाहीत. मग बॅटरी कायम अर्धपोटी राहते, प्लेटांवर सल्फेट कडक होऊन बसतं आणि तेवढा भाग कामातून जातो.

शिवाय बसवण्याची कसरत. उंच बॅटरीचं प्लस टोक सीटच्या खालच्या पत्र्याला टेकलं तर ठिणगी ठरलेली. प्लस-मायनसची बाजू उलटी असेल तर वायर ओढून-ताणून लावताना उलटी लागते. फ्यूज उडतो, कधी आरआर युनिटही जातं. म्हणून जुन्या बॅटरीवरचा कोड, लांबी-रुंदी-उंची आणि प्लसची बाजू लिहून दुकानात जा. काउंटरवरच उत्पादनाची तारीख बघा. सहा महिन्यांहून जुना माल नको. सीलबंद बॅटरी पैसे देण्याआधी मोजा, १२.६ हवेतच.

ॲसिड भरायची बॅटरी असेल तर भरून अर्धा तास मुरू द्या आणि मग ॲम्पिअर-अवरच्या दहाव्या हिश्श्याच्या करंटनं पहिलं चार्जिंग करून घ्या: ४ ला ०.४ ॲम्पिअर, ९ ला ०.९. ‘भरली, लावली, निघा’ करणाऱ्या दुकानातून ती पाऊण चार्जवरच बाहेर पडते आणि बऱ्याचदा पुढे तेवढ्यावरच अडकते.

काढताना मायनस आधी, लावताना प्लस आधी. पाना चुकून चेसीला लागला तरी मग शॉर्ट होत नाही. व्हॅसलीन टर्मिनल घट्ट केल्यावर वरून लावायचं.

“मेंटेनन्स फ्री घेतली की बघायला नको.”

पाणी घालायला नको, एवढंच. टर्मिनल तिचीही सैल होतात, उभ्या गाडीत तीही उतरते. वरची पट्टी उचकटून पाणी घालू नका. आणि कारच्या बॅटऱ्यांसाठीच्या मोठ्या चार्जरला लावू देऊ नका, १४.८ च्या वर गेलं की आतला ओलावा व्हॉल्व्हमधून निघून जातो आणि परत घालता येत नाही.

“थंडी बाधते, उन्हाचं काही नाही.”

हे उलटं आहे. थंडीत बॅटरीचा जोर तात्पुरता कमी होतो, हे खरं. पण जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेतली पहाटसुद्धा बॅटरीच्या दृष्टीनं काही थंडी नव्हे. तिला मारतो तो आपला मे महिना. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतली रासायनिक झीज साधारण दुप्पट वेगानं होते. ४२-४३ अंशांच्या दुपारी उन्हात लावलेल्या गाडीत सीटखाली त्याहून जास्त तापतं. प्लेटांची जाळी गंजते, पाणी उडतं, उभ्या उभ्या चार्जही लवकर उतरतो. उन्हाळ्यात खिळखिळी झालेली बॅटरी जीव सोडते मात्र डिसेंबरच्या सकाळी, आणि आळ थंडीवर जातो. पाण्याची बॅटरी असेल तर मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी पातळी बघा.

“आरओचं पाणी चालतं.”

नाही चालत. उजनीचं असो, बोअरचं असो की आरओचं, त्यात क्षार राहतातच. चवीसाठी आरओमध्ये ते मुद्दाम राखलेही जातात. क्लोराईड आणि लोह प्लेटा खातात. डिस्टिल्ड वॉटरच घाला. ॲसिड वरून घालू नका; उडतं ते पाणी, ॲसिड आतच असतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील इतकंच घाला आणि वरच्या रेषेपर्यंत चार्जिंगनंतर भरा, नाहीतर चार्ज होताना पातळी वाढून ॲसिड व्हेंट पाइपातून चेनवर गळतं.

“धक्का मारा, दहा मिनिटं फिरवा.”

गिअर नसलेली स्कूटर धक्क्यानं सुरू होत नाही. तिचा क्लच इंजिन फिरल्याशिवाय पकडतच नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पार उतरली असेल तर पंपच पेट्रोल ढकलत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला धक्का लागू पडतो, पण दहा मिनिटांत एक ॲम्पिअरनं ०.१७ ॲम्पिअर-अवर आत जातात. ४ ची बॅटरी निम्मी उतरली असेल तर चार्जरवर ०.४ नं सहा-आठ तास ठेवा.

मेसेजमध्ये नसलेलं एक कारण राहिलं: गाडी बंद असतानाची गळती. ट्रॅकर किंवा अलार्म नुसते पाच मिलिॲम्पिअर खात असला तरी महिन्यात ३.६ ॲम्पिअर-अवर जातात, म्हणजे ४ ची बॅटरी जवळजवळ रिकामी. तपासायला किल्ली बंद करून मायनसची वायर काढा आणि वायर व बॅटरीचं टोक यांच्या मध्ये मीटर लावा. आधी १० ॲम्पिअरच्या रेंजवर, मग मिलिॲम्पिअरवर. मीटर असा जोडलेला असताना किल्ली लावू नका, सेल्फला तर हातही नको. मीटरचा फ्यूज उडतो.